कालवा बंद होतो त्या दिवशी जा

सिंचनाचा पाणथळींवर, माशांवर आणि पाखरांवर काय परिणाम होतो ते पाहायला लोक जातात तेव्हा बहुतेक वेळा पाणी सुटलेलं असतं. कालवा काठोकाठ वाहत असतो, कडेला बगळे उभे असतात, सगळं हिरवंगार दिसतं. मी सांगेन, पाणी बंद होतं त्या दिवशी जा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जा.

मी सव्वीस वर्षं कालव्यावर काढली. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, सुरू झालं की दारं किती उचलायची, मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या कुठल्या वितरिकेला किती तास द्यायचे, शेतापर्यंत जाणाऱ्या शेवटच्या चारीला पाणी पोचलं का, हे बघणं माझं काम. कालव्यात मासे असतात हे मला पहिल्यापासून माहीत होतं, पण कामाच्या कुठल्याच नोंदीत त्यांना जागा नव्हती. मग एका आवर्तनाच्या शेवटी मी संध्याकाळी सहाला मुख्य दार पूर्ण खाली पाडलं आणि सकाळी फॉलपाशी गेलो. कालव्याचं पाणी जिथे पायरीवरून खाली पडतं त्या जागेला आम्ही फॉल म्हणतो. त्याच्या पायथ्याशी पाण्याच्या माराने एक खड्डा पडलेला असतो. त्यात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि पृष्ठभागावर नुसती तोंडं होती. शेकडो तोंडं, उघडझाप करणारी. त्या सगळ्यांचा मिळून एक बारीक आवाज येत होता, पातेल्यातलं पाणी उकळायला लागताना येतो तसा. रोहूची बोटभर पिल्लं कडेला आधीच आडवी झाली होती. मरळ तेवढी तग धरून होती, कारण तिला वर येऊन थेट हवा घेता येते. काठावर ढोकऱ्या ओळीने बसल्या होत्या आणि त्यांचं पोट इतकं भरलं होतं की मी पाच हातांवर गेलो तरी उडाल्या नाहीत. दुपारी चारला पुन्हा गेलो तेव्हा आवाज थांबला होता.

त्या दिवसापासून मी वेगळी वही ठेवली. त्या वहीतून जे समजलं ते इथे सांगतो आहे. आपल्या जवळचा कालवा, बंधारा किंवा तळं ज्यांना नीट समजून घ्यायचं आहे त्यांना त्यांची वही ठेवता यावी, एवढ्यासाठी. वर्षभराचं काम आहे. महागडी साधनं लागत नाहीत. वही, खुणा केलेली काठी, साधा थर्मामीटर, दुर्बीण आणि पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता मोजणारा खिशातला मीटर एवढं पुरतं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो: वाहत्या कालव्यात कधीही उतरू नका. दाराजवळ आणि सायफनच्या, म्हणजे ओढ्याखालून किंवा रस्त्याखालून कालव्याचं पाणी नेणाऱ्या बंद वाटेच्या, तोंडाशी तर काठावरही वाकू नका. सिमेंटचं अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्या पोहणाऱ्या माणसालाही बाहेर येता येत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिलं पान: पाणी कुठून कुठे जातं

सुरुवात नकाशापासून करा. सरकारी नकाशा मिळाला तर उत्तम, पण हाताने काढलेला हवाच. पाणी नदीतून कुठे उचललं जातं, कुठल्या कालव्याने जातं, कुठल्या शेतांत पसरतं, आणि शेतातून निथळून कुठल्या चराने कुठे पोचतं. चौथी गोष्ट नव्वद टक्के लोक विसरतात. कालव्याचं तोंड सगळ्यांना माहीत असतं, निचऱ्याचं शेपूट कोणाला माहीत नसतं. आणि बरीचशी पाखरं त्या शेपटाशीच असतात.

आता या नकाशावर ओल्या जागा मांडा. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या करारात पाणथळीची जी व्याख्या आहे ती फार मोकळी आहे: नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, कायमची असो वा काही काळापुरती, पाणी साचलेलं असो वा वाहतं, गोडं असो वा खारट. याच कराराच्या वर्गवारीत भिजवलेली शेतं, भातखाचरं, कालवे आणि चरसुद्धा मानवनिर्मित पाणथळ म्हणून धरले आहेत. त्यामुळे डबकं आहे म्हणून सोडून देऊ नका. कालव्याच्या भरावाखाली जी दलदल असते, जिथे पाणकणीस उगवतं, ती मांडा. कोपऱ्यातलं कायम ओलं शेत मांडा.

प्रत्येक जागेपुढे एक प्रश्न लिहा: ही जागा सिंचनामुळे सुकते आहे की सिंचनामुळे जिवंत आहे? दोन्ही उत्तरं निघतात, आणि एकाच लाभक्षेत्रात निघतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा सिंचनासाठीच बांधलेला. त्याच्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, बेटं तयार झाली, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते ठरलं. कोलोरॅडो नदीच्या मुखाजवळ मेक्सिकोत सिएनेगा दे सांता क्लारा नावाची मोठी पाणथळ आहे. ती चालते शेतांतून निथळलेल्या खारवट पाण्यावर. नदीत सोडायला ते पाणी फार खारं म्हणून १९७७ पासून वेगळ्या कालव्याने त्रिभुज प्रदेशात नेऊन सोडलं, आणि तिथे पाणकणसाचं रान माजलं. नदी अडवली गेल्यामुळे मूळचा त्रिभुज प्रदेश वाळला होता, त्यातलं थोडं जीवन या टाकाऊ पाण्यावर परत उभं राहिलं. म्हणून सिंचन वाईट किंवा सिंचन चांगलं, असं आधी ठरवून निघू नका. वही कोरी ठेवा.

बंधाऱ्याखालची नदी

बंधाऱ्यापासून खाली एक-दोन किलोमीटर चाला. इथे पाहायचं ते एवढंच: पाणी किती दिवस नसतं, आणि असतं तेव्हा किती वेगाने चढतं-उतरतं. नदीतल्या एखाद्या पक्क्या खडकावर रंगाने खुणा करा किंवा पट्टी रोवा आणि रोज ठरल्या वेळी आकडा लिहा. रोज जमणार नसेल तर दार हलतं त्या आधीचा आणि नंतरचा दिवस तरी चुकवू नका.

खडकावरची ओली रेघ बघायला शिका. पाणी हळू उतरलं असेल तर रेघेखाली शेवाळ पट्ट्यापट्ट्याने सुकत गेलेलं दिसतं. एका रात्रीत उतरलं असेल तर अख्खा पट्टा हिरवागार राहतो आणि दुपारच्या उन्हात एकदम करपतो. दगड उलटा करून पाहा. दगडाखाली चतुर, मेफ्लाय अशा किड्यांच्या अळ्या असतात. त्या हलतात की सुकल्या आहेत ते लिहा. माशांचं खाणं तेच. ते गेलं की मासे काही दिवसांनी जातात, आणि तेव्हा कारण कोणाला आठवत नाही.

पाणी किती आहे याइतकंच ते कधी आहे यालाही महत्त्व आहे. अनेक मासे पहिल्या पुराचा गढूळ लोंढा आला की अंडी घालायला वर चढतात किंवा काठावरच्या भिजलेल्या गवतात शिरतात. मोठं धरण रिकामं असेल तर तो पहिला लोंढा गिळून टाकतं. खाली नदीला पाणी नंतर मिळतं, पण इशारा मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीत तर ऋतूच उलटे झाले. पावसाळी महिन्यांत पाणी धरणात अडतं आणि उन्हाळ्यात शेतीसाठी नदीतूनच सोडलं जातं, त्यामुळे नदी नैसर्गिकरीत्या आटायची तेव्हा भरून वाहते. काठच्या पाणथळी मग सदा भरलेल्या राहतात. वरून छान दिसतं, पण ज्या झाडांना मधूनमधून मुळं कोरडी व्हायला हवीत ती उभ्या उभ्या मरतात. पाणथळीला सुकण्याचीही वेळ लागते. सुकल्यावर तळाच्या मातीतलं बियाणं रुजतं, कुजलेलं खत मोकळं होतं आणि पुढच्या पुरात त्यावर जीव पोसतात. तुमच्या नकाशातली एखादी जागा पूर्वी सुकायची आणि आता कधीच सुकत नाही असं म्हातारी माणसं सांगत असतील, तर तेही नुकसानीच्याच रकान्यात लिहा.

खोल धरणाच्या तळाच्या दारातून पाणी येत असेल तर थर्मामीटर लावा. तळाचं पाणी थंड असतं आणि त्यात प्राणवायूही कमी असू शकतो. भर उन्हाळ्यात बंधाऱ्याखाली पाय बुडवला की कळ येते इतकं गार पाणी मी पाहिलं आहे. उबदार पाण्यात अंडी घालणाऱ्या माशाला ते पाणी म्हणजे बंद दारच.

हे सगळं टोकाला गेलं की काय होतं ते अराल समुद्रात दिसलं. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी १९६० नंतर कापसाच्या शेतीकडे वळवलं. जगातल्या चौथ्या क्रमांकाचं ते सरोवर आटलं, खारं होत गेलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिथली व्यापारी मासेमारी संपली. पण मला त्यातला नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये उत्तरेच्या छोट्या भागाला कोक-अराल नावाचा बांध घातला. सिर दर्याचं उरलंसुरलं पाणी तिथे थांबलं, क्षार उतरले आणि गोड्या पाण्याचे मासे परत आले. थोडं पाणी योग्य जागी थांबलं तर जीव परततो, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नसेल.

कालव्यात शिरलेले मासे

नदीतून पाणी उचलताना मासे, पिल्लं आणि वाहती अंडीही उचलली जातात. कालव्याच्या तोंडाशी जाळी आहे का पाहा. असली तर कचरा अडवणारी रुंद गजांची आहे की मासे अडवणारी बारीक, ते लिहा. कचऱ्याच्या जाळीतून हातभर मासा आरामात जातो. मासे अडवायची जाळी प्रवाहाला तिरकी बसवलेली असते. पाणी तिच्यातून हळू आत जातं आणि मासा तिच्या कडेने सरकत एका छोट्या वाटेने परत नदीत पोचतो. पाण्याचा जोर जास्त असेल तर पिल्लं जाळीला चिकटून मरतात. तशी चिकटलेली दिसली तर जाळी असून उपयोग नाही, हेही नोंदवा.

आत गेलेले मासे आवर्तन चालू असेपर्यंत ठीक राहतात. कसोटी बंद होण्याच्या वेळी. म्हणून त्या दिवशी काय करायचं ते नीट सांगतो.

आवर्तन कधी संपणार ते आधी विचारून ठेवा. दार पडायच्या आदल्या दिवशी कालव्यावरच्या खोलगट जागा हेरा: फॉलखालचे खड्डे, पुलाखालचे डोह, सायफनच्या आधीचं तळं, दाराजवळची खोली. प्रत्येकाला क्रमांक द्या. दार पडल्यावर दर दोन तासांनी पाण्याची उंची लिहा. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी पोचा, कारण पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी त्याच वेळी असतो. रात्रभर शेवाळही श्वास घेतं आणि भर घालायला ऊन नसतं. मासे वर येऊन तोंड उघडतात का ते पहा. कुठले वर येतात आणि कुठले येत नाहीत, तेही लिहा. मरळ आणि मागूर हवेवर निभावतात, पण रोहू, कटला, मळ्या, खवल्या यांना ते जमत नाही. मेलेल्यांत फक्त दुसऱ्या गटातले असतील तर श्वास कोंडला, असा अंदाज करता येतो. मरळही मेली असेल तर पाण्यात विष आहे का याची शंका घ्या आणि त्या पाण्याला हात लावू नका.

पाणी तापलं की ही कोंडी लवकर होते. वीस अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. तो भरलेला असेल तेव्हाची ही गोष्ट. गर्दीने भरलेल्या डबक्यात तो कधीच भरलेला नसतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात दार पाडणं आणि थंडीत दार पाडणं यांची नोंद एकाच रकान्यात करू नका.

अस्तर केलेल्या कालव्याची आणखी एक बाजू पाहायची ती प्राण्यांची. सिमेंटचा उतार शेवाळाने निसरडा होतो. पाणी प्यायला उतरलेलं हरणाचं पाडस घसरलं की त्याला वर येता येत नाही. मी एकदा एका उतारावर खुरांच्या खुणा पाहिल्या. शेवाळावर उभ्या, समांतर, एकाच जागी वीस-पंचवीस ओरखडे, आणि पुढे चार हातांवर पुन्हा तसेच, आणि पुन्हा. जनावर वाहत जाताना जागोजागी झगडलं होतं. ओरखडे पुलाच्या अलीकडे संपले होते. कालव्याच्या काठाने चालताना असे ओरखडे शोधा, जागा मांडा. तिथे खडबडीत, मंद उताराची वाट बांधता येते, आणि तिच्याकडे प्राणी वळावा म्हणून पाण्यावर तिरका तरंगता दोर किंवा ओंडका लावता येतो. खर्च अस्तराच्या मानाने नगण्य असतो.

गळतीवर जगणाऱ्या जागा

हा भाग लिहिताना मला जरा जपून बोलावं लागतं, कारण पाणी वाचवणं हे मी आयुष्यभर केलेलं काम आहे.

मातीचा कालवा गळतो. ते पाणी भरावाखाली पाझरतं, दलदल होते, विहिरी भरतात, ओढा बारमाही होतो. कालव्याला अस्तर केलं, शेतात ठिबक आलं, की गळती थांबते. कागदावर पाणी वाचलं. पण ज्या दलदलीत कमळपक्षी अंडी घालायचे ती दोन-तीन वर्षांत चराऊ रान होते. वाचलेलं पाणी नदीत सोडलं असतं तर हिशेब जुळला असता. ते सहसा आणखी शेतांना जातं, आणि नदीला जे थोडं परतायचं तेही थांबतं. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या ऑल-अमेरिकन कालव्याला अस्तर झालं तेव्हा सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांच्या विहिरी आणि आंद्रादे मेसा भागातल्या पाणथळी हाच मोठा वादाचा मुद्दा झाला होता.

अस्तराला विरोध करा असं मी म्हणत नाही. गळतीने जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, होतात, शेवटच्या चारीचा शेतकरी कोरडा राहतो, हेही मी रोज पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच की अस्तराचं काम सुरू व्हायच्या आधी एक पूर्ण वर्ष नोंद असली पाहिजे. भरावाखालच्या प्रत्येक दलदलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजा. जवळच्या विहिरीची पाण्याची पातळी गाठी मारलेल्या दोरीने महिन्यातून एकदा मोजा. आवर्तन सुरू झाल्यावर किती दिवसांनी विहीर चढते आणि बंद झाल्यावर किती दिवसांनी उतरते ते पहा. आठवड्याभरात उतरत असेल तर ती विहीर, आणि तिच्या पातळीवर असलेली दलदल, थेट कालव्यावर जगते आहे. हे कागदावर असेल तर अस्तर करताना एखादा छोटा पाइप त्या दलदलीसाठी ठेवा, असं मागता येतं. कागदावर नसेल तर तिथे कधी पाणथळ होती हेच कोणी मान्य करत नाही.

विहिरी आणि कूपनलिकांवरचं सिंचन याच गोष्टीची उलटी बाजू. उपसा वाढला की झऱ्यांवर जगणारी पाणथळ खालून सुकते आणि वरून कळत नाही. स्पेनमधल्या तब्लास दे दाइमिएल या राष्ट्रीय उद्यानात पाणी इतकं खोल गेलं की २००९ मध्ये पाणथळीचा तळ, म्हणजे शतकानुशतकं साचलेला वनस्पतींचा सुका थर, जमिनीखालून धुमसायला लागला. तुमच्या पाणथळीत चालताना टाच टेकली की तळाला रुंद भेगा दिसत असतील आणि आजूबाजूला पंप रात्रंदिवस चालू असतील, तर त्या दोन गोष्टी एकाच पानावर लिहा.

निचऱ्याचं शेपूट

मीटर इथे काढायचा. आधी कालव्याच्या तोंडाशी मोजा, मग चराच्या शेवटी. मीटर मायक्रोसिमेन्समध्ये आकडा दाखवतो. हजार मायक्रोसिमेन्स म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे साडेसहाशे मिलिग्रॅम क्षार. एका आकड्याला अर्थ नसतो, दोघांच्या तुलनेला असतो. पीक पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. चरातला आकडा तोंडाशी असलेल्या आकड्याच्या किती पट आहे ते दर महिन्याला लिहा. चर जिथे तळ्यात पडतो आणि तळ्याला पुढे वाटच नाही, तिथे हा आकडा वर्षागणिक चढतो. काठावर पांढरा थर, कडेची झाडं शेंड्यापासून वाळलेली, गोड्या पाण्याची वनस्पती जाऊन खाऱ्याला टिकणारं गवत आलेलं, या त्याच्या खुणा.

क्षारांबरोबर काय येतं ते मीटर सांगत नाही. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात सान वाकीन खोऱ्यातल्या शेतांचा निचरा सोडला जायचा. पाखरं हजारोंनी येत. १९८३ मध्ये तिथल्या घरट्यांमध्ये डोळे नसलेली, चोची वाकड्या असलेली मेलेली पिल्लं सापडली. मातीतलं सेलेनियम निचऱ्यात उतरून, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून वारकरी (चांदवा) आणि शेकाट्या यांच्या जातीच्या पाणपाखरांत साठत गेलं होतं. पाखरांची गर्दी पाहून जागा निरोगी आहे असं कोणीही म्हटलं असतं. म्हणून शेपटाच्या तळ्यात घरटी असतील तर लांबून, दुर्बिणीने, किती घरट्यांतून पिल्लं बाहेर पडली ते पहा. घरट्याजवळ जाऊ नका, अंड्यांना हात लावू नका. अंडी टिकून राहिली पण पिल्लं दिसलीच नाहीत असं वारंवार झालं, तर पाण्याचा आणि गाळाचा नमुना प्रयोगशाळेत द्यायची वेळ आली.

खतांचं ओळखणं सोपं. दुपारी पाणी हिरवं गर्द, वर शेवाळाची साय धरलेली, आणि पहाटे मासे तोंड काढून. दुपारी जाऊन सगळं ठीक आहे असं लिहिणाऱ्यांच्या नोंदी मी पाहिल्या आहेत. पहाटेला पर्याय नाही.

पाखरं मोजताना होणारी चूक

पाखरांची मोजणी करताना शेजारी पाण्याची उंची लिहिली नसेल तर ती मोजणी निरुपयोगी आहे. मी सुरुवातीची चार वर्षं हीच चूक केली. माझ्या वहीत सर्वांत मोठे आकडे होते ते उन्हाळ्याच्या शेवटी: चित्रबलाक, मोर शराटी, पाणकावळे, सगळे एकाच तळ्यावर. मला वाटायचं तळं सुधारतंय. प्रत्यक्षात आजूबाजूची सगळी डबकी सुकली होती आणि उरलेल्या एका पाण्यात मासे कोंडले होते. ती मेजवानी होती आणि ती आठवडाभर टिकायची. त्यानंतर आठ दिवसांनी जी मोजणी करायला हवी होती, ती मी केलीच नव्हती.

घरट्यांच्या काळात पाणी स्थिर राहतं का एवढं पाहा. शेकाट्या, टिटवी पाण्यालगत जमिनीवर अंडी घालतात. वीतभर पाणी एका रात्रीत चढलं की अंडी गेली. उलट बेटाभोवतीचं पाणी उतरलं की बेटापर्यंत कोरडी वाट होते आणि कुत्री, कोल्हे चालत पोचतात. मी काठीला लाल रंगाची खूण करून बेटाच्या आणि काठाच्या मधल्या उथळ जागेत रोवायचो. खूण उघडी पडली की वाट मोकळी झाली.

वही घेऊन कोणाकडे जायचं

एका वर्षाच्या नोंदी झाल्या की मागणं एकच ठेवा, आणि ते पाण्याच्या वेळेबद्दलचं ठेवा. जास्त पाणी मागितलंत तर शेतकरी तुमच्या विरोधात जाईल, आणि त्याचं चूक नाही. वेळ बदलायला पाणी फारसं लागत नाही. कोलोरॅडोच्या कोरड्या पात्रात २०१४ च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिकोने ठरवून आठ आठवडे पाणी सोडलं. नदीच्या नेहमीच्या वाट्याच्या मानाने ते अगदी थोडं होतं, पण नेमक्या हंगामात सोडलं होतं. नदी समुद्राला भेटली आणि काठावर विलो आणि कॉटनवुडची रोपं रुजली.

आधी दारावरच्या माणसाकडे जा. साहेबांकडे नंतर. दार कसं हलतं, किती वेळात हलतं, कुठल्या डोहात पाणी राहू शकतं हे त्याला माहीत असतं, आणि त्याला सहसा कोणी विचारलेलं नसतं. मला विचारायला एक मासेमारी करणारे मामा आले होते. ते म्हणाले, "दादा, पाणी बंद करा, पण हळू करा. त्यांना परत जायला वाट तरी राहू द्या." मी त्यांना वही दाखवली. आम्ही दोघांनी मिळून एक तक्ता केला: दार एकदम न पाडता चार दिवसांत, रोज पाव भाग, आणि सर्वांत खोल फॉलच्या खड्ड्यात पुढच्या आवर्तनापर्यंत कंबरभर पाणी राहील इतकी गळती चालू. शेतकऱ्यांना हे उलट बरं पडलं, कारण शेवटच्या चारीला ते उतरतं पाणी मिळायला लागलं. वरून मंजुरी मिळायला दोन हंगाम गेले.

चार दिवसांत दार हळूहळू पाडल्यानंतरच्या पहिल्या पहाटे मी त्याच खड्ड्यापाशी उभा होतो. पाणी छातीला लागेल इतकं होतं, गढूळ, त्यावर पातळ धुकं. एकही तोंड वर नव्हतं. सात-आठ मिनिटांनी मधोमध एक मासा सळकन उलटला आणि वर्तुळं काठापर्यंत आली. मी वेळ लिहिली, पाण्याची उंची लिहिली, तापमान लिहिलं, आणि पुढच्या खड्ड्याकडे चालू लागलो.